बिनवाऱ्याची खोली

खाडीच्या बांधाला गळती लागली की माणसं तुळशीरामाला बोलवायची. बांध वरून बघितला तर टणक, कोरडा, गुरं चालतील असा. पण आतून चिंबोरीनं बीळ पाडलेलं असतं आणि भरतीचं पाणी त्या बिळातून सुतासारखं आत येत असतं. आज सूत, उद्या दोर, परवा खांड. खांड गेली, म्हणजे बांध फुटला, की मिठागरात वाळत घातलेलं मीठ आल्या वाटेनं खाडीत परत जातं. मग मिठागरवाल्यानं कपाळावर हात मारून घ्यायचा, दुसरं काय.

तुळशीराम यायचा तो कनवटीला भाताचा कोंडा घेऊन. भरती पुरी चढली की बांधाच्या खाडीकडच्या अंगाला उकिडवा बसायचा, मूठभर कोंडा पाण्यावर भुरभुरायचा आणि बिडी पेटवायचा. मालक बांधावर येरझाऱ्या घालतोय, गडी फावडी घेऊन उभे आहेत, आणि हा आपला धूर सोडत बसलेला. कोंडा आधी पाण्यावर नुसता पसरतो. मग त्यातला थोडा कुठल्याशा एका बाजूला सरकायला लागतो, हळूच, लग्नात जेवणाच्या पंगतीकडे माणसं सरकतात तसा. मग एका जागी गरगर फिरतो. तुळशीराम बिडी विझवायचा, कानावर ठेवायचा, छातीएवढ्या पाण्यात उतरायचा आणि पायाच्या अंगठ्यानं बीळ धरायचा. "आना रं चिखल," म्हणायचा. पेंढा मळलेल्या चिखलाचे गोळे पायानंच आत ठोसायचा. झालं. पनवेलपासून उरणापर्यंत त्याला हाका यायच्या. कुणी विचारलं, "तुळशीरामदादा, राहिली तर नाय ना कुठं?" तर उत्तर ठरलेलं: "एक सूत बी नाय."

आता मिठागरं राहिली नाहीत. जमीन विमानतळाला गेली, बांध भरावाखाली गेले आणि गाव उचलून करंजाड्याच्या अंगाला नव्या प्लॉटवर आणून ठेवलं. तुळशीरामाचंही तिथं स्लॅबचं घर उभं राहिलं. वर माळा, खाली हॉल, पुढं ओटा, आतल्या अंगाला तीन खोल्या. फरशी अशी की भाकरी पडली तर उचलून खावी. गावातल्या सगळ्याच बाप्यांचं तेव्हा एक झालं होतं: घरं मोठी आणि हात रिकामे. कुणी ओट्यावर पत्ते कुटायचे, कुणी पोरांच्या गाड्या धुवायचे. तुळशीराम भिंतीवरून हात फिरवत घरभर हिंडायचा. रंभा, त्याची बायको, म्हणायची, "म्हस घ्यायला आलेला असल्यावानी काय चाचपतंस भितीला?"

पण त्या चाचपण्याला कारण होतं, आणि ते रंभालाही ठाऊक होतं.

त्यांचं पहिलं पोर जुन्या गावात गेलं होतं. खाडीच्या तोंडावर घर, कुडाच्या भिंती, वर कौलं. पौषातला वारा कुडातून असा शिरायचा की दिवा राहायचा नाही. पोर जन्मलं, चार दिवस रडलं, मग छाती भरली, मग रडेना. "वारं लागलं," सगळ्यांनी सांगितलं. त्या दिवसांत तुळशीराम दुसऱ्याच्या मिठागराची खांड बुजवायला गेला होता. परत आला तेव्हा अंगणात माणसं होती. पुढं केतन झाला, भाविका झाली, दोन्ही पोरं धट्टीकट्टी निघाली. पण पहिल्याबद्दल तो कधी बोललाच तर एवढंच बोलायचा, "बांध राखला, घर राखला नाय."

म्हणून भाविका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि दिवस पौषातले निघाले, तेव्हा तुळशीरामानं ठरवलं की या खेपेला वाऱ्याला आत पाय ठेवू द्यायचा नाही.

कोपऱ्यातली खोली त्यानं तिच्यासाठी धरली. खोलीला दोन खिडक्या, सरकत्या काचांच्या. त्या केतननंच बसवलेल्या; त्याचं कामोठ्यात ॲल्युमिनियमच्या खिडक्या करायचं दुकान आहे. तुळशीराम अगरबत्ती पेटवून खिडकीपाशी उभा राहिला. चौकटीच्या कडेकडेनं अगरबत्ती सावकाश न्यायची आणि धुराकडे बघायचं. धूर सरळ वर गेला तर ठीक. वाकला, की तिथं फट. पाण्यावर जो कोंडा, तोच वाऱ्यात धूर. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"केतन, इकरं ये. ही बग, खालच्या पट्टीत भोका हायत."

"ती ठेवायचीच असतात, बाबा. पावसाचा पानी जायला."

"ठेवायची असतात? म्हंजे तू लोकांकरनं पैसं घेऊन भोका पारून देतंस?"

भाविका पलंगावर पाय लांब करून बसली होती, पोटावर ताटली ठेवून शेंगा सोलत. ती एवढी हसली की ताटली हलली. "दादा, तुजा धंदा बसवला बाबानं."

"तुला हसाया काय जातंय," केतन म्हणाला. "उद्या तुला पन सिलिकॉन लावंल तो."

त्यानं दुकानातून सिलिकॉनच्या नळ्या आणून दिल्या. तुळशीरामानं काचांच्या कडा भरल्या, खालची भोकं भरली, सरकपट्टीत गोणपाटाच्या चिंध्या ठोसल्या. पंख्याच्या वायरीचा पाइप, बटणांच्या पेटीमागची फट, न्हाणीच्या दारावरची जाळी, सगळीकडे अगरबत्ती फिरली. रंभा देवघरातून ओरडली, "देवाला एक आन खिडकीला अख्खा पुडा! आता तिच्यापुढं नारल पन फोर."

"बाबा, मी काय मीठ हाय का?" भाविका म्हणाली. "विरघळतंय का काय मी?"

"मीठच हायस. गप बस."

पोरगा झाला. पनवेलच्या दवाखान्यात झाला, वजनानं चांगला, डोक्यावर जावळ दाट. घरी आणला त्या दिवशी तुळशीरामानं सगळ्यांना दारातच थांबवलं, आधी माय-लेकराला आत घेतलं आणि दार लोटून मग बाकीच्यांना चपला काढू दिल्या.

न्हाऊ घालायला भामा यायची. गावातल्या निम्म्या पोरांची डोकी तिनंच चोळून गोल केलेली. चोळून, न्हाऊ घालून झालं की बाळंतिणीला शेक आणि पोराला धुरी: बाजेखाली शेगडी, शेगडीत शेणीचा विस्तव, वर ओवा, शेपा, लसणीची सालं. आमच्याकडे हे असंच चालत आलंय. जुन्या गावात हा धूर कौलांच्या फटींतून वर जायचा. चुलीची वेळ नसताना एखाद्या घराच्या डोक्यावर धूर दिसला की गावाला कळायचं, इथं बाळंतीण आहे. रंभानं माळ्यावरून जुनी सुंभाची बाज काढली होती, कारण पलंगाखाली शेगडी सरकत नव्हती.

पण या खोलीतून धूर जाईना. पहिल्याच दिवशी खोली अशी भरली की भामा भिंत चाचपत बाहेर आली. पोर ठसकलं. भाविका पदरानं डोळे पुसत म्हणाली, "बाबा, एक खिरकी उघर ना थोरी. डोलं चुरचुरतात."

"खिरकी नाय उघरायची."

"मंग काय कराचा?"

तुळशीरामानं विचार केला. दुसऱ्या दिवशी तो डोंगराकडच्या वाडीवर गेला आणि कोळशाचं पोतं घेऊन आला. शेगडी अंगणात पेटवायची, कोळसा पुरता लाल होईस्तोवर वारा घालायचा, सगळा धूर बाहेरच संपवायचा, आणि नुसता रसरशीत निखारा आत न्यायचा. ओवा-शेपा चिमूटभर. खोलीत ऊब तर पुरी आणि धूर म्हणाल तर डोळ्याला दिसायचा नाही. भामानं बाजेखाली वाकून बघितलं आणि कानशिलावर बोटं मोडली. "माज्या जल्मात एवरी चांगली शेगरी नाय बगली. डोला पन पानावला नाय गो."

"धूर नाय, तर तरास नाय," तुळशीराम म्हणाला. शेगडी इतकी बिनधुराची, तर घडीभरानं काढायची तरी कशाला? ती सकाळपासून दुपारपर्यंत बाजेखालीच राहू लागली.

दोन-तीन दिवसांत भाविकाचं डोकं दुखायला लागलं. कपाळाला पट्टा आवळल्यासारखं, म्हणाली. मळमळतंय, जेवण नको. हॉलमध्ये येऊन बसली की बरं वाटायचं, खोलीत गेली की परत जड. तिनं हे सांगितलं, आईला सांगितलं, भामाला सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं. ऐकून भामा म्हणाली, "बालंतिनीचा डोका दुखतंय म्हंजे वारं शिरतंय कुठनं तरी."

तुळशीराम दारात उभा होता. हे बोलणं त्याला असं लागलं की जणू भर गावात कुणी म्हणावं, तू बुजवलेला बांध गळतोय.

त्यानं परत अगरबत्ती पेटवली. खिडक्या बघितल्या, न्हाणी बघितली, पंख्याचा पाइप बघितला. धूर सगळीकडे सरळ. रंभा म्हणाली, राहू दे आता, पोर झोपलंय. त्यानं ऐकलं नाही. कपाट ओढलं. कपाटामागं, वरच्या अंगाला, मनगट जाईल एवढं गोल भोक होतं. पुढं कधी एसी बसवला तर त्याच्या नळीसाठी केतननं पाडून ठेवलेलं आणि पेपराचा बोळा घालून विसरलेलं. अगरबत्ती तिथं नेली. धूर असा वाकला की बोट धरून नेल्यासारखा.

"गावली!" तुळशीराम ओरडला. पोर दचकून रडायला लागलं. "गावली गो रंभा! हीच ती!"

चिंध्या, वर सिमेंट, वर सिलिकॉन. दाराच्या खालची फट राहिली होती, तिला गोधडीची वळकटी. मग अगरबत्ती खोलीच्या मध्यावर धरून बघितली. धूर दोऱ्यासारखा उभा राहिला, जराही हलला नाही. तो त्या दिवशी पोटभर जेवला. रंभाला म्हणाला, "आता बग, उद्या डोका दुखला तर मना सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणं झालं, शेगडी आत गेली, माय-लेकरू झोपलं. तुळशीरामानं दार लोटून घेतलं, वळकटी पायानं दाराखालच्या फटीत ठोसून बसवली आणि दारापुढं खुर्ची टाकून राखणीला बसला. शेजारची शशिकला पोर बघायला आली. "झोपलाय," म्हणून तिला ओट्यावरूनच परत लावली. रंभा कपडे घ्यायला आत जायला निघाली, तिलाही म्हणाला, "मंग जा. दार उघरलंस की गारवा शिरतंय."

मग प्रणित आला. हा भाविकाचा नवरा, उरणाला कंटेनर यार्डात कामाला. पाळी संपवून तसाच आलेला, अंगात कामाचा शर्ट, हातात टोपड्यांची पिशवी.

"जरा बघून येतो, बाबा."

"बसा जावयबापू. आताशी झोपलीत दोगां. तुमी भायरच्या वाऱ्यातनं आलाव, जरा अंगाला ऊब येऊ द्या. चा घ्या."

प्रणित बसला. चहा आला. सासरा-जावई दोघं दारापुढं बसून चहा प्यायले. प्रणितनं पिशवीतनं एक टोपडं काढून मुठीवर घालून बघितलं, परत ठेवलं.

"आज रडत नाय वाटतं?"

"नाय ना. आज पयल्यांदा निवांत झोपलाय," तुळशीराम म्हणाला. "काल मी शेवटची गळती बुजवली."

जेवणवेळेला रंभा भाविकाची थाळी घेऊन आली. दार ढकललं तर वळकटीमुळं उघडेना. खांदा लावावा लागला. आत ऊब होती, ओव्याचा वास होता. पोराचे गाल गुलाबी दिसत होते, कधी नव्हे इतके छान, आणि रंभाला वाटलं झोपलंय. तिनं थाळी खाली ठेवली, भाविकाला हाक मारली. परत मारली. भाविकाच्या तोंडातून उशीवर ओकारी गेली होती. मग रंभानं पोराच्या अंगाला हात लावला.

पुढचं सगळं लोकांनी सांगितलेलं. प्रणितनं बायकोला उचललं, जेवायला घरी आलेल्या केतननं गाडी काढली, रंभा पोराला छातीशी धरून मागं बसली आणि पनवेल येईस्तोवर त्याचे तळवे चोळत राहिली. तुळशीराम दारात पायाचा अंगठा वळकटीत अडकून पडला, उठला आणि तसाच अनवाणी गाडीत बसला.

भाविका वाचली. पोर दवाखान्यात नेलं तेव्हाच नव्हतं.

तिथली डॉक्टरीण वयानं भाविकाएवढीच. तिनं त्यांना बाकड्यावर बसवून विचारलं, शेगडी होती का, कसली, किती वेळ. केतन सांगत होता. मग तिनं विचारलं, "आणि खोलीत हवा यायला-जायला कुठेच जागा नव्हती?"

"नाय, बाई," तुळशीराम म्हणाला. "एक सूत बी नाय."

इतकी वर्षं मिठागरवाल्यांना सांगायचा त्याच आवाजात म्हणाला. सांगून झाल्यावर त्यानं केतनच्या तोंडाकडे बघितलं. डॉक्टरीण हळू आवाजात बोलत होती: कोळशाचा धूर संपला तरी वायू निघतच राहतो, त्याला वास नसतो, रंग नसतो, डोकं दुखतं ते त्यामुळंच, जुन्या घरांत तो फटींतून निघून जायचा. तुळशीराम मान डोलवत होता. समजल्यावर माणूस डोलवतो तशीच. पण मग मान थांबेना, तेव्हा केतननं हातांनी धरून थांबवली.

एवढंसं पोर जाळत नाहीत. जुन्या गावाच्या अंगाला, खाडीच्या कडेची खारजमीन अजून थोडी मोकळी होती, तिथं पुरलं. बारसं राहिलं होतं, त्यामुळं नाव घेऊन रडायचीही सोय नव्हती. पोलीस आले, लिहून गेले. कुणी तुळशीरामाला बोललं नाही. रंभा बोलेल असं वाटलं होतं, पण तिच्या तोंडून निघालं ते निराळंच: "मी पन त्या दाराशी आलू व्हती. तू मंग जा म्हनलास आन मी परत फिरलू." भामानं दुसऱ्यांच्या घरी न्हाऊ घालायला जाणं सोडलं.

दवाखान्यातून भाविका परस्पर उरणाला गेली. तिचे कपडे प्रणित येऊन घेऊन गेला. आईला तिचा रोज फोन यायचा. रंभा मुद्दाम फोन नवऱ्याच्या हातात द्यायची.

"जेवलास का, बाबा?"

"जेवलू."

"बरं. ठेवते."

शिव्या दिल्या असत्या तर त्यानं ऐकून घेतल्या असत्या. त्याला शिव्याही मिळेनात. दिवाळी गेली, भाऊबीजेला केतनच उरणाला जाऊन ओवाळून घेऊन आला. एका चुलतबहिणीची हळद झाली, भाविका हळदीच्या मांडवात येऊन तिथूनच परत गेली. माहेरचं घर मांडवातून दिसत होतं. तुळशीरामाला एकच पाहिजे होतं, लेकीनं एकदा घरात पाऊल टाकावं. बाकी मग तिनं काय करायचं ते करावं.

ती येत नाही ते त्या खोलीमुळं, हे त्यानं स्वतःशी नक्की केलं. मग तो कामाला लागला.

आधी पात्यानं सिलिकॉन खरवडला. एसीचं भोक फोडलं. पण तेवढ्यानं त्याचं समाधान होईना. त्यानं खिडक्याच उपटल्या. मग छिन्नी-हातोडा घेऊन खिडकीखालच्या भिंतीला हात घातला. शेजारपाजारचे गोळा झाले.

"काय रं तुळशीराम, येवरा बंगला बांदून भित पारतंस?"

"परवी करतंय," तो म्हणाला. खोलीची उघडी पडवी करायची होती त्याला.

"परवी कुनाला?"

"माजी लेक यायची हाय."

केतन दुकानातून धावत आला. बापाच्या हातातली छिन्नी काढून घेईल असं सगळ्यांना वाटलं. त्यानं आधी बापाकडे बघितलं, मग भिंतीकडे, आणि म्हणाला, "कॉलमला हात नको लावू, बाबा. नुसत्या विटा काढ." आणि शर्ट काढून स्वतःही लागला. दोघांनी मिळून बाहेरच्या दोन्ही भिंती काढल्या. राहिलं काय, तर वर स्लॅब, कोपऱ्यात खांब, खाली फरशी आणि हॉलच्या अंगाचं दार. वारा ह्या बाजूनं शिरला की त्या बाजूनं बाहेर. रंभा तिथं सुकट वाळवायला लागली.

तुळशीराम तिला म्हणाला, "फोनवर सांग तिना, ती खोली नाय आता."

रंभानं सांगितलं नाही. म्हणाली, "असला काय फोनवर सांगतात? येईल तवा बगंल."

भाविका आली ती न सांगता. पुन्हा थंडीचेच दिवस होते. सकाळी ती नि प्रणित जुन्या गावाकडं गेली होती, खाडीच्या कडेला. पोर तिथं ठेवलं तेव्हा ती दवाखान्यात होती, तिनं ती जागा बघितलीच नव्हती. तर त्या खारजमिनीवर भराव पडलेला. मातीचे डंपर येत-जात होते, पत्रे ठोकलेले होते, रखवालदार आत सोडेना. प्रणितनं बोट दाखवून सांगायचा प्रयत्न केला, साधारण त्या तिथं, पण त्यालाही ओळखू येईना. तेव्हा ती म्हणाली, मला घरी सोड.

तुळशीराम ओट्यावर होता. लेकीला फाटकातून आत येताना बघून तो उठला, आणि उठल्यावर काय करायचं ते त्याला सुचलं नाही. ती त्याच्या जवळून गेली, "बाबा" म्हणाली, थांबली नाही. हॉल ओलांडून सरळ त्या दारापाशी गेली. कडीवर हात ठेवून उभी राहिली. मग दार उघडलं.

पलीकडे उजेड होता. रस्ता दिसत होता, शशिकलेच्या दोरीवरचे कपडे दिसत होते, आणि पायाशी चादरीवर सुकट पसरलेली.

"खोली कुठं हाय?"

तुळशीराम मागं येऊन उभा होता. "मोरली, बाय. तुज्यासाठी मोरली. म्हनलं, तुना तितं…"

"माज्यासाठी?"

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"बाबा, तिकरं मातीचा डोंगर घातलाय. पोर कुठं हाय ते पन कलत नाय. मी म्हनलं, नाय तर नाय, घरी ती खोली तरी हाय. दवाखाना सोरला तर तो जल्मात एकाच जागी राहिला, बाबा. या चार भितींत. येवरे दिवस मी उरणात बसून मनाला तयार करत होते, की जायाचा, त्या खोलीत एकदा बसायचा. आन तू ती पन काढून टाकलीस."

रंभा स्वयंपाकघराच्या दारात तोंडावर पदर धरून उभी होती.

"मना विचारायचास तरी," भाविका म्हणाली. "तवा पन नाय विचारलंस, आता पन नाय. मी सांगत होते तवा, डोका दुखतंय, भायर बरं वाटतंय. तुमी सगली वारा बगत व्हतात. माज्याकरं कोन बगत व्हता?"

एवढंच ती बोलली. त्या सगळ्या महिन्यांत कुणी त्याला जे बोललं नव्हतं ते एवढ्यात बोलून झालं.

मग तिनं विचारलं, "बाज कुठं व्हती?"

हे मात्र त्याला ठाऊक होतं. तो फरशीवर उतरला, खांबापासून लाद्या चाचपत सरकला आणि हातानं दाखवलं: इथं उशाशी, इथं पायथा. भाविकानं वाकून सुकटीची चादर एका बाजूला ओढली आणि त्या जागी बसली. भिंतीला टेकायला मागं हात नेला, भिंत नव्हती. मग तशीच बसली, गुडघे जवळ घेऊन. रस्त्यानं जाणारी माणसं बघत होती. गाव आहे, बघणारच. ती उठली नाही. रंभा येऊन तिच्या शेजारी बसली. तुळशीराम उभाच राहिला, कारण त्याला कुणी बस म्हणालं नव्हतं.

दुपारी प्रणित घ्यायला आला. भाविका उठली, साडीला लागलेली सुकट झटकली, आईच्या हातचं पाणी प्यायली. ओट्यावर येऊन चपला घालताना, बापाकडं न बघता म्हणाली, "भित घाल परत."

तुळशीरामाच्या तोंडावर काय आलं ते सांगता येणार नाही. "उद्याच घालतंय, बाय. उद्याच. खिरकी कनच्या अंगाला ठेवू? दोन ठेवू का तीन? वर झरोका ठेवू, आरपार वारा—"

"तू नको ठरवू."

त्यानं मोजायला पुढं केलेली बोटं मिटली.

"मी येऊन सांगेन," ती म्हणाली आणि गाडीवर बसली.

दुसऱ्याच दिवशी त्यानं विटा आणून ठेवल्या, रेती आणली, सिमेंटच्या गोणी माळ्यावर चढवल्या. गवंडी आला, दोरी लावू का म्हणाला. "थांब. बाय येनार हाय सांगायला." गवंडी गेला. पुढल्या आठवड्यात परत विचारून गेला. पाऊस आला, रेती अर्धी वाहून रस्त्यावर गेली, सिमेंट माळ्यावरच दगड झालं. केतन म्हणाला, "मी तिना फोन करू का?" तर "नको" म्हणाला, आणि असा म्हणाला की केतननं परत विषय काढला नाही.

भाविकाचा फोन येतो. जेवलास का विचारते. जेवलू म्हणतो. पण हल्ली ती लगेच ठेवत नाही.

विटांवर शेवाळ आलंय. रस्त्यानं जाणारा नवखा माणूस विचारतो, हे काम अर्धवट का टाकलंय. तुळशीराम त्याला म्हणतो, अर्धवट नाय, अजून सुरूच जाला नाय.